गोदाकाठचा वेताळ

भडोचच्या स्मशानात चिता रचून तयार आहे. प्रधानाचा तरुण मुलगा हरिपाळदेव गेला आहे. अग्नी द्यायची वेळ येते आणि मुलगा उठून बसतो. रडणारे लोक हरखून जातात आणि त्याला वाजतगाजत घरी नेतात. महानुभाव परंपरा सांगते, की त्या देहात आता हरिपाळदेव नव्हता. द्वारावतीच्या श्रीचांगदेव राउळांनी स्वतःचा देह ठेवून हा नवा देह स्वीकारला होता. पुढे हा तरुण द्यूतात हरला, पत्नीने दागिने द्यायला नकार दिला, आणि रामटेकच्या यात्रेला म्हणून तो घराबाहेर पडला. वाटेत वऱ्हाडातल्या ऋद्धिपुरात, म्हणजे आजच्या रिद्धपुरात, त्याला गोविंदप्रभू भेटले. श्रीचक्रधरस्वामींच्या चरित्राचा हा आरंभ रिद्धपुराला नवा नाही. मोर्शी तालुक्यातलं हे गाव महानुभावांची काशीच.

स्मशान, प्रेत, एका देहात दुसरा जीव, अशी सगळी सामग्री इथे हजर असूनही या लीळेला कुणी भुताची गोष्ट म्हटलेलं नाही, आणि ते बरोबरच आहे. हा श्रद्धेचा विषय आहे आणि त्यात भयाचा लवलेश नाही. उठून बसलेल्या मुलाला पाहून लोक पळत सुटत नाहीत, त्याला घरी घेऊन जातात. पण या लीळेतून एक गोष्ट लक्षात येते. देह एकाचा आणि आत राहणारा दुसरा, ही कल्पना मराठी मुलखाला तेराव्या शतकात परकी वाटत नव्हती. त्याआधी कितीतरी वर्षं याच मुलखातली, गोदावरीच्या काठची, अशाच कल्पनेवरची एक गोष्ट रचली गेली होती. तिच्यात भय होतं. ही प्रस्तावना त्या गोष्टीची आहे, आणि ती पुस्तकातून दूरदर्शनच्या पडद्यावर गेली तेव्हा तिचं काय झालं याची आहे.

रिद्धपुरातून सुरुवात करण्याला आणखी एक कारण आहे. म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' इथल्या वाजेश्वरीत लिहिलं, साधारण १२७८ साली. स्वामींना ज्यांनी पाहिलं, ज्यांनी ऐकलं, त्यांच्याकडे जाऊन एकेक लीळा गोळा केली आणि खातरजमा करून उतरवून घेतली. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत मूळ ग्रंथ हरवला, आणि मग ज्यांना तो स्मरत होता त्यांच्या आठवणीतून तो पुन्हा उभा राहिला. साहजिकच पाठ वेगवेगळे झाले. एकाच लीळेची कुणी वेगळी हकीकत सांगितली, तर महानुभाव ग्रंथांत ती 'वासना' म्हणून नोंदवतात. आता गंमत पाहा. गावाकडे भूत का होतं असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: वासना राहिली म्हणून. पाठभेदाला आणि भुताच्या मुळाला मराठीत एकच शब्द आहे. जी गोष्ट पुरती सांगून झालेली नाही ती परत येते, एवढाच याचा अर्थ घेतला तरी पुरे.

आधी इंग्रजांकडे एक फेरी मारून येऊ, कारण भुताची गोष्ट पडद्यावर कशी आणावी याचा धडा त्यांनी घालून दिला आहे.

त्यांच्याकडे भुताची गोष्ट नाताळची. बाहेर बर्फ, आत शेकोटी, आणि कुणीतरी मोठ्याने वाचतंय. ९ जून १८६५ रोजी केंट परगण्यात स्टेपलहर्स्टजवळ आगगाडी पुलावरून घसरली. त्या गाडीत चार्ल्स डिकन्स होता. तो वाचला, जखमींना त्याने पाणी पाजलं, आणि नंतर लोंबकळणाऱ्या डब्यात परत चढून आपल्या कादंबरीचं हस्तलिखितही बाहेर काढलं. पुढच्या वर्षीच्या नाताळ अंकात त्याने 'सिग्नलमन' लिहिली. बोगद्याच्या तोंडाशी एकटाच राहणारा सिग्नलवाला, लाल दिव्याखाली उभी राहणारी एक आकृती, आणि तिच्या प्रत्येक दर्शनानंतर घडणारा अपघात. २२ डिसेंबर १९७६ रोजी बीबीसीने ही कथा दाखवली. पटकथा अँड्र्यू डेव्हिस यांची, दिग्दर्शन लॉरेन्स गॉर्डन क्लार्क यांचं, आणि सिग्नलवाला होता डेनहोम एलियट. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ या शकुंतला रेल्वेच्या रुळांवरही ही कथा सहज बसली असती, फक्त वऱ्हाडात बोगद्याऐवजी बाभळीचं बन लागलं असतं.

याआधी आठ वर्षं, १९६८ साली, जोनाथन मिलर यांनी एम. आर. जेम्स यांची एक कथा बीबीसीसाठी केली होती. जेम्स म्हणजे केंब्रिजचा जुन्या पोथ्यांमध्ये रमलेला विद्वान. नाताळात मेणबत्तीच्या उजेडात तो मित्रांना आपल्या कथा वाचून दाखवायचा. ही कथा १९०४ साली पुस्तकात आली. समुद्रकाठी सुट्टीवर गेलेल्या प्राध्यापकाला जुन्या अवशेषांत एक शिटी सापडते, तो ती फुंकतो, आणि कुणीतरी येतं. मिलर यांच्या चित्रपटात मायकल हॉर्डर्न यांचा प्राध्यापक स्वतःशीच पुटपुटत असतो, आणि शेवटी समोर उभी राहते ती पलंगावरची चादर. फक्त चादर. ती काहीच बोलत नाही.

इंग्रजी पद्धतीचं सगळं बळ या न बोलण्यात आहे. भूत जितकं कमी दिसेल आणि जितकं गप्प राहील, तितकं चांगलं. सिग्नलवाल्याचं भूत हातवारे करतं, पण पुढे काय होणार आहे ते त्याला सांगत नाही. इथली भीती न कळण्याची आहे.

आपलं भूत याच्या अगदी उलटं. ते बोलतं. थांबतच नाही.

काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात राणी सूर्यमतीसाठी 'कथासरित्सागर' रचला. त्याच्या शशांकवती लंबकात वेताळाच्या कथा येतात, आणि त्यांच्या आरंभालाच पत्ता दिलेला आहे: गोदावरीच्या तीरावरचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. राजाचं नाव त्रिविक्रमसेन. हे वाचून बऱ्याच मराठी वाचकांना आश्चर्य वाटतं, कारण लहानपणापासून मनात बसलेली जोडी उज्जैनच्या विक्रमादित्याची असते. उज्जैन नंतरच्या आवृत्त्यांत आणि लोकांच्या तोंडी आलं. सोमदेवाच्या पाठात हे भूत मराठवाड्यातलं आहे.

कथेची चौकट थोडक्यात सांगायची म्हटली तरी अंगावर काटा येतो. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू रोज दरबारात येतो आणि राजाला एक फळ देऊन निघून जातो. दहा वर्षं. राजा फळ कोठाराच्या अधिकाऱ्याकडे देतो, तो ते खिडकीतून आत टाकतो. एक दिवस पाळलेलं माकड फळाला चावा घेतं आणि आतून रत्न पडतं. कोठार उघडून पाहिलं तर फळं कुजून गेलेली आणि रत्नांचा ढीग पडलेला. एवढ्या मोलाचं दान कशासाठी, असं राजा विचारतो तेव्हा भिक्षू म्हणतो, एका साधनेला वीर पुरुषाची मदत हवी आहे. कृष्ण चतुर्दशीच्या रात्री महास्मशानात ये. राजा जातो. भिक्षू त्याला दक्षिणेकडे पाठवतो. तिथे शिसवीच्या झाडाला एक प्रेत लटकत आहे, ते घेऊन यायचं.

राजा दोर कापतो. प्रेत खाली पडतं आणि कळवळून ओरडतं. राजाला वाटतं, माणूस जिवंत आहे. तो दयेने त्याच्या अंगावरून हात फिरवतो. तेव्हा प्रेत खदाखदा हसतं. राजाला कळतं की यात वेताळ शिरला आहे. म्हणजे पुन्हा तेच, देह एकाचा आणि आत दुसरा. राजा त्याला खांद्यावर टाकतो आणि चालू लागतो. वाट लांब आहे, तेव्हा करमणुकीसाठी गोष्ट सांगतो, असं वेताळ म्हणतो. गोष्टीच्या शेवटी प्रश्न. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. आणि बोललास, तर मी चाललो परत झाडावर.

हा पेच ज्याने कुणी पहिल्यांदा रचला, त्याच्या बुद्धीला नमस्कार करावा. भीती प्रेताची नाहीच. सुरी, रक्त, किंचाळी, कशाचीच नाही. भीती उत्तराची आहे. ठाऊक असूनही गप्प बसणं हे इथे मरणाच्या शिक्षेचं पाप ठरतं. खरं बोलावं तर केलेलं काम वाया जातं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. सरकारी कचेरीत एकदा तरी तोंड उघडलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

प्रश्नही साधे नाहीत. पहिल्या कथेत राजपुत्र वज्रमुकुट आणि त्याचा मित्र मिळून पद्मावतीला डाकीण ठरवतात. तिला गावाबाहेर काढायला लावून राजपुत्र तिला पळवतो, आणि तिचे आईबाप दुःखाने मरतात. पाप कुणाचं? राजपुत्र प्रेमात होता, मित्र स्वामीचं काम करत होता, पद्मावतीही प्रेमात होती. त्रिविक्रमसेन म्हणतो, पाप त्या नगराच्या राजाचं, कारण आपल्या राज्यात काय चाललं आहे याची त्याने चौकशीच केली नाही. एका राजाने दुसऱ्या राजाला दोषी ठरवलं. डाकीण ठरवून बाईला गावाबाहेर काढणं ही अजूनही जुनी झालेली बातमी नाही, हे वऱ्हाडात वेगळं सांगावं लागत नाही.

आणखी एका कथेत राक्षसाला बळी द्यायला एक ब्राह्मणाचा मुलगा विकत घेतलेला आहे. आईने हात धरलेत, बापाने पाय, राजाने तलवार उगारलीय, आणि मुलगा हसतो. का हसला? आईबाप लेकराचे रक्षक, त्यांच्यानंतर राजा रक्षक, त्यानंतर देवता. इथे सगळे एकत्र आलेत, पण त्याला मारायला. अख्ख्या कथासाहित्यात इतकं थंड हसू फार थोड्या ठिकाणी सापडेल. जेम्सची चादर यापुढे काहीच नाही.

प्रश्न विचारून माणसाला कोंडीत पकडायची ही कला वऱ्हाडाला भुताविनाही ठाऊक होती. शेंडगावच्या गाडगेबाबांचं कीर्तन म्हणजे श्रोत्यांवर प्रश्नांचा मारा. बाबा विचारणार, समोरची माणसं उत्तर देणार, आणि देता देता आपल्याच अंधश्रद्धेला आपल्याच तोंडून नकार देऊन बसणार. बाबा भुतावर कोरडे ओढत, आणि त्यांचं हत्यार मात्र वेताळाचं होतं.

आता ही गोष्ट आली कुठून, याचीही एक गोष्ट आहे. सोमदेव सांगतो, की त्याचा ग्रंथ गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'वरून घेतलेला आहे, आणि गुणाढ्य सातवाहन राजाच्या दरबारात, प्रतिष्ठानला होता. राजा राण्यांसोबत जलक्रीडा करत होता. एक राणी संस्कृतात म्हणाली की पाणी मारू नका. 'मा' आणि 'उदकैः' यांचा संधी राजाला कळला नाही. त्याने मोदक मागवले. राण्या हसल्या. लाजलेल्या राजाला व्याकरण शिकायचं होतं. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षं लागतील. दरबारातलाच शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवतो. पैज हरून गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी तिन्ही भाषा सोडल्या, विंध्याच्या रानात गेला, आणि पैशाची म्हणजे पिशाचांच्या भाषेत, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने, सात वर्षांत सात लाख श्लोक लिहिले. राजाने ते झिडकारले. मग गुणाढ्य रानातल्या प्राण्यांना एकेक पान वाचून दाखवायचा आणि अग्नीत टाकायचा. हरणं चरायची विसरली, ऐकत उभी राहिली. राजाच्या ताटात सुकं मांस येऊ लागलं तेव्हा शोध लागला. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते, उरला एक लाख. तोही आज मिळत नाही.

आपली सगळ्यात प्रसिद्ध भुताची गोष्ट मुळात भुताच्या भाषेत लिहिलेली होती, आणि मोदकावरून झालेल्या एका फजितीतून तिचा प्रवास सुरू झाला, असं परंपरा सांगते. खरं-खोटं राहू दे. ग्रंथ हरवतो, इतरांच्या आठवणीतून आणि इतरांच्या भाषेतून परत येतो, हे रिद्धपुराला ओळखीचं आहे.

वेताळाच्या परत येण्याच्या वासना मोजायला बसलं तर रात्र पुरणार नाही. शिवदासाची संस्कृत आवृत्ती वेगळी, जंभलदत्ताची वेगळी. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी 'बैताल पचीसी' तयार झाली, साहेबांना हिंदी शिकवायला. मराठीत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८३० साली 'वेताळपंचविशी' केली. मराठी छापील गद्याच्या अगदी सुरुवातीलाही हे प्रेत खांद्यावर होतंच. १८७० मध्ये रिचर्ड बर्टनने यातल्या अकरा कथा इंग्रजीत नेल्या आणि वेताळाला 'व्हँपायर' केलं. बर्टनला पुढे ब्रॅम स्टोकर भेटला, आणि १८९७ मध्ये 'ड्रॅक्युला' आला. एकाचा दुसऱ्यावर किती परिणाम झाला हे ताणू नये, पण आपला वेताळ रक्त पीत नाही, तो तत्त्वज्ञान पाजतो, एवढा फरक बर्टनने लक्षात ठेवायला हवा होता.

धडं आणि शिरं बदलण्याची सहावी कथा तर जगभर फिरली. सोमदेवाच्या पाठात देवीपुढे शिरं कापून घेणारे दोघे म्हणजे बाईचा नवरा आणि तिचा भाऊ. दुसऱ्या पाठांत नवरा आणि मित्र. थॉमस मान या जर्मन लेखकाने १९४० साली मित्राचा पाठ उचलला, त्यावरून गिरीश कार्नाडांचं 'हयवदन' झालं, आणि ते मराठीत आलं चिं. त्र्यं. खानोलकरांच्या भाषेत. पैठणहून निघालेली कथा जर्मनी-कर्नाटक फिरून मराठी रंगमंचावर परत आली, तोवर आपण तिला परकी समजू लागलो होतो.

साठ-सत्तरच्या दशकांतल्या मराठी पोरांचा वेताळ मात्र 'चांदोबा'चा. १९५२ पासून मराठीत निघणाऱ्या या मासिकात दर महिन्याला एक वेताळकथा असे. मूळ पंचवीस केव्हाच संपल्या, मग नव्या रचल्या गेल्या, आणि चौकट तीच राहिली. चित्रकार शंकर यांचं ते चित्र: हातात तलवार, खांद्यावर पांढरं प्रेत, मागे स्मशान. त्याच सुमारास 'इंद्रजाल कॉमिक्स'ने ली फॉकच्या फँटमचं मराठी बारसं केलं तेही 'वेताळ' म्हणूनच. जांभळ्या कपड्यांतल्या, आफ्रिकेच्या जंगलात राहणाऱ्या गोऱ्या माणसाला पैठणच्या स्मशानातलं नाव मिळालं, आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

आणि मग १९८५. रामानंद सागर यांनी दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' आणलं. अरुण गोविल विक्रम, आणि हिंदी चित्रपटांत कितीतरी वर्षं काढलेले अभिनेते सज्जन बेताल. रंगीत दूरदर्शन येऊन तीनच वर्षं झाली होती, लहान क्षमतेची प्रक्षेपण केंद्रं गावोगाव उभी राहत होती, आणि गल्लीत एखाद-दुसऱ्या घरी संच असे. रविवारी त्या घरात पोरांची बैठक भरे आणि कुणीतरी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवत असे. 'रामायण' जानेवारी १९८७ मध्ये आलं. त्यातले राम, सीता, लक्ष्मण, रावण आणि हनुमान झालेले कलाकार, म्हणजे गोविल, दीपिका चिखलिया, सुनील लहरी, अरविंद त्रिवेदी, दारासिंग, आधी बेतालच्या गोष्टींत वावरून गेले होते. देशाने ज्यांना पुढे देव मानलं, त्यांची तालीम स्मशानात झाली होती.

वेताळाच्या तेविसाव्या कथेत एक म्हातारा योगी आहे. तरुण मुलगा मेलेला पाहून तो आपला जीर्ण देह टाकतो आणि त्या तरुण देहात शिरतो. शिरण्याआधी तो रडतो, मग नाचतो. वेताळ विचारतो, का? राजा म्हणतो, आईबापांनी वाढवलेला, इतकी वर्षं सोबत केलेला देह सुटतोय म्हणून रडला. नव्या देहात मोठी सिद्धी साधेल म्हणून नाचला. पोथीतून पडद्यावर गेलेल्या गोष्टीचा हिशेब याच दोन खात्यांत मांडावा.

नाचावं अशी पहिली गोष्ट म्हणजे चौकट. दर भागाच्या शेवटी बेताल उडून झाडावर जातो आणि पुढच्या रविवारी राजा पुन्हा निघतो. मालिका नावाच्या प्रकाराला याहून नेमकी चौकट सापडणं शक्य नव्हतं. 'क्रमशः' हा शब्द छापखान्याने शोधला असेल, युक्ती वेताळाची आहे. दुसरी गोष्ट सज्जन यांचा आवाज. त्या काळचे चमत्कार आज पाहिले तर हसू येतं. उडणारं प्रेत उडतंय की दोरीला टांगलंय, हे पोरांनाही दिसत होतं. तरी त्या खदखदत्या हसण्याने आणि लाडीगोडीने विचारलेल्या प्रश्नाने पोरं उशीत तोंड खुपसत. बीबीसीची चादर गप्प राहून घाबरवते, बेताल बोलून. सागर यांनी भुताचा आवाज वाचवला, आणि हे श्रेय मोठं आहे.

रडण्याचं खातं मात्र मोठं आहे. प्रतिष्ठान गेलं, उज्जैन आलं. गोदावरी वाहून गेली. त्रिविक्रमसेन जाऊन पंचांगातला विक्रम आला. हा बदल सागर यांनी केला नाही, तो त्यांच्या कितीतरी आधी झाला होता, पण पडद्याने त्यावर शिक्का मारला आणि तो देशभर पोहोचवला. त्याहून मोठं नुकसान म्हणजे प्रश्नांची धार. रविवारच्या कार्यक्रमाला उत्तर लागतं, आणि उत्तराचं बोधवचन व्हायला वेळ लागत नाही. सोमदेवाचा राजा न्याय देतो तो भांडण उकरून काढणारा असतो. शिरं बदलण्याच्या कथेत, ज्या धडावर नवऱ्याचं शिर आहे तोच नवरा, कारण शिर श्रेष्ठ, असं तो म्हणतो, आणि वाचणारा लगेच मनात भांडायला लागतो: पण संसार तर धडाने केला होता ना? मालिकेतल्या राजाशी पोरांना भांडावंसं वाटलं नाही. त्यांना तो शहाणा वाटला, आणि गोष्ट संपली.

मराठी भुतांचं पडद्याशी नातं पुढेही राहिलं. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवरची 'गहिरे पाणी', नारायण धारपांच्या कथाबीजाचा आधार घेतलेला हिंदी 'तुंबाड' (२०१८), आणि कोकणातल्या वाड्यातली 'रात्रीस खेळ चाले' (२०१६). पहिल्या दोघांना भीती कुठे ठेवायची हे कळत होतं, म्हणजे माणसाच्या आत, हावेत आणि अपराधात. तिसरीने ती वाड्याच्या अंधारात आणि पार्श्वसंगीतात ठेवली. पण यांपैकी एकाही ठिकाणी भूत प्रश्न विचारत नाही. मराठी पडद्यावर असं प्रश्न विचारणारं भूत यायचं अजून बाकी आहे.

तसा तो वेताळ मराठी मुलखातून गेलेला कुठे आहे? पुण्यात त्याची टेकडी आहे. गोव्यात आमोण्याला, लोलयेला, प्रियोळला त्याची देवळं आहेत. तो गावाची राखण करतो, रात्री हिंडतो, वहाणा झिजवतो, म्हणून त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात. सोमदेवाने त्याला स्मशानात ठेवलं, लोकांनी वेशीवर बसवून कामाला लावलं. पोथीतला वेताळ राजाला जागं ठेवतो, वेशीवरचा गावाला. दोन्हींत तो झोपू देत नाही, हे खरं.

रिद्धपुरात मराठी भाषेचं विद्यापीठ उभं राहिलं आहे. २०२४ साली अविनाश आवलगावकर त्याचे पहिले कुलगुरू झाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभिजात म्हटलं की सातवाहन आले, गाथासप्तशती आली, लीळाचरित्र आलं. मग गुणाढ्य का येऊ नये? त्याची भाषा मराठी नव्हती, हे कबूल. पण गोष्टीचं गाव मराठी होतं. वेताळकथांचे सगळे पाठ, म्हणजे सोमदेव, शिवदास, छत्रे, चांदोबा, सागर, एकाखाली एक मांडून 'वासना' म्हणून नोंदवायचं काम म्हाइंभटांच्या गावाइतकं दुसऱ्या कुठल्या गावाला शोभेल? आणि कुणी निर्माता हे वाचत असेल, तर त्याने गोष्ट गोदाकाठीच ठेवावी. शिसवीचं झाड, कृष्ण चतुर्दशी आणि एक आवाज, एवढं भांडवल पुरे.

पुढच्या पानांवर वळण्याआधी वाचकाने शेवटच्या प्रश्नाचा सराव करून ठेवावा. रानात वाट चुकलेल्या एका विधवा राणीचे आणि तिच्या मुलीचे पायाचे ठसे एका सरदाराला आणि त्याच्या मुलाला दिसतात. दोघे ठरवतात, लहान ठसे ते मुलाच्या बायकोचे, मोठे ते बापाच्या. शोधून पाहतात तर मोठे पाय मुलीचे आणि लहान पाय आईचे. शब्द दिला तो दिला. बाप मुलीशी लग्न करतो, मुलगा आईशी. दोघींना मुलं होतात. वेताळ विचारतो, त्या मुलांचं एकमेकांशी नातं काय?

चोवीस कथांत त्रिविक्रमसेनाला इथेच पहिल्यांदा उत्तर आलं नाही. तो गप्प चालत राहिला, आणि वेताळ झाडावर परत गेला नाही.